कॉलेजचे शिबिर आणि आपले गाव



तूर खळ्यावर येते, ज्वारी निसवू लागते, हरभऱ्याला घाटे धरतात. त्याच सुमारास आपल्या नांदेड-लातूरकडच्या गावांत एखादा टेम्पो शाळेपुढे येऊन थांबतो. त्यातून सतरंज्या, पातेली, फावडी, टोपली उतरतात. पाठोपाठ पन्नासेक पोरंपोरी उतरतात. कॉलेजचे सात दिवसांचे शिबिर गावात आलेले असते.

पुढे काय होते, ते तुम्ही पाहिलेच आहे. पहिल्या दिवशी नारळ फुटतो, हारतुरे होतात, फोटो निघतात. रोज सकाळी पोरं प्रभातफेरी काढतात, रस्ते झाडतात. दुपारी शाळेत कोणाचे तरी व्याख्यान होते. त्या वेळी गाव रानात असते, म्हणून ते पोरंच ऐकतात. सातव्या दिवशी समारोप. आठव्या दिवशी उकिरडा पुन्हा आपल्या जागी. गाव म्हणते, "पोरांची सहल झाली." पोरं म्हणतात, "गावाला कशाची गरजच दिसली नाही." दोघेही रिकाम्या हाताने आपापल्या वाटेने जातात.

आता दुसरे चित्र पाहा. तुमचीच लेक तालुक्याच्या कॉलेजात शिकते. ती घरी येऊन म्हणते, "आबा, मला शिबिराला जायचंय." आबा म्हणतात, "तुला शिकायला धाडलंय का दुसऱ्याच्या गावचे रस्ते झाडायला?" पोरगी गप्प बसते. विषय संपतो.

ही दोन्ही चित्रे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. विद्यापीठ, त्यातली व्याख्याने, शिबिरे हा शिकलेल्यांचा कारभार आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे आपल्याला किती महाग पडते, ते आज सांगतो.

ही योजना आहे तरी काय?

या शिबिरामागे जी योजना आहे तिचे नाव राष्ट्रीय सेवा योजना. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. पहिल्या वर्षी ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. शिकणाऱ्या पोराने पुस्तकाबाहेर पडून समाजाचे काही काम करावे आणि ते करताना स्वतःही शिकावे, हा तिचा हेतू.

या योजनेतल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. शिवाय एखाद्या खेड्यात राहून सात दिवसांचे शिबिर करायचे असते. ते खेडे कॉलेजने दत्तक घेतलेले असते. पन्नास पोरांनी सात दिवस रोज चार तास अंगमेहनत केली, तर चौदाशे तास होतात. एवढे मनुष्यबळ मजुरीने लावायचे म्हटले तर ग्रामपंचायतीला किती पैसे मोजावे लागतील, याचा हिशेब तुम्हीच करा. मग ते रस्ता झाडण्यात घालवायचे की काही टिकणारे काम करून घ्यायचे?

विद्यापीठ आपल्या दारी आले ते सहज नाही

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणासाठी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जावे लागे आणि तिथे शिक्षण उर्दूतून होते. १९३८ साली तिथल्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटले. सरकारने बंदी घातली. पोरं ऐकेनात, तेव्हा त्यांना काढून टाकले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच पोरांतले. 'विद्यार्थ्यांच्या उचापती' असे आपण म्हणतो, त्यातून कधी कधी एवढे मोठे काम उभे राहते.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे आधी शिक्षकच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक होते, नंतर अंबाजोगाईला त्यांनी शाळा चालवली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि दोनच वर्षांनी, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. पण देगलूर, किनवट, उदगीर, निलंग्याच्या पोराला ते लांबच होते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामीजींच्या नावाने वेगळे विद्यापीठ झाले. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली कॉलेजे त्याला जोडलेली आहेत. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे.

हे सगळे आपल्याच लोकांनी झगडून मिळवलेले आहे. म्हणून त्याच्याकडे परक्याच्या वाड्यासारखे लांबून पाहू नये.

व्याख्यान ऐकून पोट भरते का?

"कॉलेजात भाषणं फार. त्यानं काय पोट भरतं?" असे काही जण विचारतात. त्यांना मी नरहर कुरुंदकरांचे उदाहरण देतो. वसमत तालुक्यातले कुरुंदा हे त्यांचे गाव. पदवी त्यांना उशिराच मिळाली. नांदेडला ते आधी शाळेत मास्तर होते, नंतर पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे प्राचार्यही. पण महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते वक्ता म्हणून. इतिहास असो, समाज असो, साहित्य असो की संगीत, अवघड विषय ते असा सोडवून सांगत की साध्या माणसाला कळावा. १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. वय पन्नासही नव्हते. आपल्या काळ्या मातीतला एक माणूस ऐकून, वाचून, प्रश्न विचारून केवढा मोठा होतो, ते त्यांच्याकडे पाहून कळते.

पाऊस पडला म्हणजे सगळे पाणी मुरत नाही. जिथे रान नांगरलेले असते तिथेच मुरते. व्याख्यानाचे तसेच आहे. खेड्यातला पोरगा कॉलेजात शेवटच्या बाकावर बसतो. आपली बोली ऐकून कोणी हसेल, या भीतीने तोंड उघडत नाही. चार वर्षे अशीच जातात आणि हातात नुसता कागद येतो. पुढे मुलाखतीला गेला की तिथेही तोंड उघडत नाही.

यावर मायबापांनी एक सोपी गोष्ट करावी. लेकरू सुट्टीत घरी आले की जेवताना विचारावे, "कॉलेजात कोण येऊन बोलून गेलं? काय सांगितलं? तू काय विचारलंस?" तुम्ही अंगठेबहाद्दर असलात तरी हे विचारू शकता. दोन-चारदा विचारलेत की पोर आपोआप लक्ष देऊन ऐकायला लागेल. घरी सांगायचे आहे, हे त्याच्या डोक्यात राहील.

आणखी दोन गोष्टी माहीत असू द्या. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत 'आविष्कार' नावाची संशोधनाची स्पर्धा भरते. तिच्यात शेती आणि पशुसंवर्धन हा वेगळा गट आहे. आपल्या रानातली अडचण घेऊन तुमचे लेकरू त्यात उतरू शकते. तुरीवर मर का येते, बोअरचे पाणी खारे का झाले, गायी उलटतात का, असे कितीतरी विषय घरीच पडलेले आहेत. दुसरी गोष्ट 'कमवा व शिका' योजनेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला घालून दिलेला हा धडा आता विद्यापीठांनीही उचलला आहे. पोराने तिथे झाडांना पाणी घातले, ग्रंथालयात पुस्तके लावली आणि चार पैसे मिळवले, तर पाहुण्यारावळ्यांत लाज वाटून घेऊ नका. आपण जन्मभर हेच करतो.

लेकीला शिबिराला पाठवावे का?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाठवावे, असेच मी म्हणेन. पण आईबापांची काळजी खोटी नाही. तेव्हा "नको" म्हणण्याआधी कॉलेजात जाऊन किंवा फोन करून एवढे विचारा:

मुली कुठे झोपणार? मुलांपासून वेगळी आणि आतून कडी लागणारी खोली आहे का? बाई प्राध्यापक रात्री मुक्कामाला आहेत का? संडास-न्हाणीची सोय जवळ आहे का? कार्यक्रम अधिकाऱ्यांचा फोन नंबर काय? परतताना मुली कोणत्या गाडीने आणि कोणाबरोबर येणार?

ही विचारपूस हा तुमचा हक्क आहे. त्याचा राग कोणी धरू नये. उत्तरे नीट मिळाली की मुलीला मोकळ्या मनाने जाऊ द्या. मुलगा विचारतो तेव्हा आपण यातले काहीच विचारत नाही आणि मुलगी विचारते तेव्हा काहीच न विचारता नाही म्हणतो. दोन्ही बरोबर नाही.

उदगीर भागातल्या एका घरची गोष्ट सांगतो. मुलगी कला शाखेची. बापाने नाही म्हटले होते, आईने जोर लावला म्हणून ती शिबिराला गेली. तिथे तिच्या गटाकडे गावातले सोयाबीनचे बियाणे तपासायचे काम होते. पुढे जून उजाडला. बापाने पाच एकरांसाठी घरचे दीड क्विंटल सोयाबीन राखले होते. पोरीने त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात घातले. सहाव्या दिवशी उघडले तर ५२ उगवलेले. काढणीच्या वेळी पाऊस लागून दाणा आतून खराब झाला होता, वरून काही दिसत नव्हते. बापाने बियाणे बदलले. तेच पेरले असते तर रान विरळ झाले असते किंवा दुबार पेरणी आली असती. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत, मजुरी आणि हातची ओल, सगळेच दुसऱ्यांदा. त्या घरात आता धाकटीला शिबिराला जायचे का, असे कोणी विचारत नाही. ती कधी जाणार, असे विचारतात.

२०२४-२५ पासून राज्यातल्या कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, कला अशा उपक्रमांना अभ्यासाचाच भाग म्हणून श्रेयांक मिळतात. म्हणजे शिबिराने अभ्यास बुडतो, ही तक्रारही आता उरली नाही.

शिबिर येण्याआधी गावाने काय करावे?

१. महिनाभर आधी बोलावणे करा. कार्यक्रम अधिकाऱ्यांना ग्रामसभेत बसवा. कामे आधी ठरवा. पोरं आल्यावर काम शोधू नका.

२. कामे तीनच निवडा: एक पाण्याचे, एक रानाचे, एक घराचे. फार कामे धरली की एकही पुरे होत नाही.

३. पाण्याचे काम म्हणजे शोषखड्डे. आपल्याच नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. गटारे गेली, डबकी गेली, डास हटले. पुढे हे काम जिल्हाभर रोजगार हमीतून घेतले गेले. खड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तेवढाच खोल घ्यावा. मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवून भोवती दगडगोटे भरावेत. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जावे. आड किंवा हातपंपापासून खड्डा निदान पन्नास फूट लांब असावा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्या मुलखात सांडपाणीसुद्धा रस्त्यावर सोडणे परवडत नाही.

४. रानाचे काम म्हणजे मातीचे नमुने. त्या वेळी तूर निघालेली राने मोकळी असतात. एका एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या बाजूची माती घ्यायची. बांध, झाड, विहीर, शेणखताचा ढीग यांच्याजवळची माती घेऊ नये. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. असे करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून, नाव आणि गट नंबर लिहून पिशवीत भरायची. पोरांचे चार गट केले तर सात दिवसांत सगळ्या मोकळ्या रानांचे नमुने होतात. नमुने पुढे प्रयोगशाळेत कोण नेणार, तो माणूसही आधीच ठरवा. नाहीतर पिशव्या शाळेच्या कोपऱ्यात पडून राहतात.

५. घराचे काम मुलींकडे द्या. बाया आपले दुखणे पुरुष डॉक्टरपुढे सांगत नाहीत, पण कॉलेजच्या पोरीशी बोलतात. आरोग्य केंद्राला सांगून बायांच्या रक्ताची तपासणी त्याच आठवड्यात ठेवा. कोणाला बोलवायचे, कोण राहिले, हे पोरी घरोघर फिरून पाहतील.

६. व्याख्यान संध्याकाळी, भाकरी झाल्यावर ठेवायला सांगा. विषयही तुम्हीच सांगा: पीक विमा, बोंडअळी, वारसाची नोंद, मुलींचे शिक्षण. बायांना मागे बसवू नका, पुढे बसवा. भाषण झाल्यावर गावातल्या निदान तिघांनी प्रश्न विचारायचे, असा नेम करा.

७. प्रत्येक गटाबरोबर गावातला एक जाणता माणूस आणि दोन तरुण द्या. गाव पारावर बसून पाहते आणि पोरं खणतात, असे दिसले की पोरांचाही हुरूप जातो.

८. शेवटच्या दिवशी हारतुऱ्यांऐवजी झालेल्या कामांची यादी वाचून दाखवा आणि ती ग्रामपंचायतीत ठेवा. पुढच्या वर्षी शिबिर आले की आधी ती यादी काढा.

शिबिर येळवशीच्या सुमारास असेल तर पोरांना रानात बोलवा. आंबील पाजा, भज्जी-भाकरी वाढा. शहरातल्या पोराला ज्वारीच्या ताटाखाली बसून जेवायला मिळाले की तो तुमच्या रानाची गोष्ट चार ठिकाणी सांगतो. पण जेवण झाल्यावर त्याला बांधावर फिरवा आणि घाट्यातली अळीही दाखवा.

कृषिदूतांना परतवू नका

शेतीच्या पदवीची पोरंपोरी खरिपात खेड्यात मुक्कामाला येतात, ती वेगळी. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. परभणीचे आपले कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झाले. लातूरलाही त्याचे कृषी महाविद्यालय आहे. ही पोरं बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, माती परीक्षण यांची प्रात्यक्षिके दाखवतात. आपण म्हणतो, "कालची लेकरं, आम्हाला काय शिकवणार?" अहो, त्यांच्यामागे विद्यापीठातले प्राध्यापक असतात. तुमच्या अडचणीचे उत्तर पोराला आले नाही तर त्यालाच सांगा, "सरांना विचारून ये." तो विचारून येतो. असा घरपोच निरोप्या दुसरा कोण मिळेल?

त्यांच्याकडून निदान बियाण्याची परीक्षा तरी शिकून घ्या. सोयाबीनची उगवण शंभरात ७० असेल तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६५ असेल तर साडेबत्तीस किलो, ६० असेल तर ३५ किलो धरावे. त्याखाली असेल तर बियाणे बदलावे. तुम्हीही त्यांना शिकवा. तिफण कशी धरावी, वापसा कसा ओळखावा, हे पुस्तकात नसते.

आणि वर्षातून एकदा तुम्हीही विद्यापीठात जा. परभणीला १८ मेच्या सुमारास खरिपाचा, १७ सप्टेंबरच्या सुमारास रबीचा शेतकरी मेळावा भरत आला आहे. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, महिला शेतकरी मेळावा होतो. निघण्याआधी तारीख विचारून घ्या. घरातली बाई बरोबर न्या. पेरणीच्या वेळी बी तिच्याच हातून पडते.

या आठवड्यात एवढेच करा. घरातले किंवा शेजारचे जे लेकरू कॉलेजात आहे त्याला विचारा, त्यांचे शिबिर यंदा कोणत्या गावाला आणि कधी. आपल्या गावाला कोणाचेच शिबिर येत नसेल तर सरपंचांना घेऊन जवळच्या कॉलेजात जा आणि मागून घ्या. बोलावल्याशिवाय पाहुणा येत नाही, आणि आलेल्या पाहुण्याला काय द्यायचे, त्याच्याकडून काय घ्यायचे, हे घरधन्यानेच ठरवायचे असते.



आपला,
विस्तार अधिकारी